मधलं नाव

भांडुप
सोमवार, २७ ऑक्टोबर, सकाळ

कल्पिता,

गांधीनगरच्या सिग्नलला तू आतून काच वर घेतलीस, तेव्हा सगळं बदललं. त्याच्या आदल्या मिनिटापर्यंत मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेला, मावसभावाची ईको चालवणारा, पण तुझा विकी होतो. पुढच्या मिनिटाला मी स्वतःच्याच गाडीच्या बाहेर उभा होतो, मागचा बसवाला हॉर्नवर बसला होता, आणि गाडी तू घेऊन गेलीस. नाहूरच्या मोकळ्या रस्त्यावर रविवारचे रविवार घालवून तुला गाडी शिकवली कोणी? मी. क्लच सोडताना पाय थरथरायचा तुझा. सिग्नलला नाही थरथरला.

मी फक्त बाजूच्या रिक्षावाल्याला दोन शब्द सुनवायला उतरलो होतो. एवढंच झालं होतं.

त्याला आज वीस दिवस झाले. चावी तू पवईला तुझ्या ऑफिसच्या वॉचमनकडे ठेवलीस, मला सगळीकडून ब्लॉक केलंस. पाडव्याला तुमच्या मजल्यावर आलो तर तुझ्या पप्पांनी दार उघडलं. म्हणाले, “भेटायचं नाही म्हणते रे. थोडे दिवस जाऊ दे, मी समजावतो तिला.” त्या घरात माझ्या बाजूने एकटे राजारामकाकाच आहेत. काकी बाहेर आल्याच नाहीत. एरवी फराळाची बशी हातात दिल्याशिवाय सोडत नाहीत त्या.

हे लिहितोय कारण तूच म्हणायचीस, तुला भांडायचं असेल तर लिहून भांड, तोंडाने तू ओरडतोस. तर ही वही घेतली. तुझ्यापर्यंत कशी पोचवायची ते नंतर बघू.

काल संध्याकाळी अल्पेशचा फोन आला. घाटकोपरला भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर बसतो तो, तुला माहितीये. आणि त्याचं अर्धं गुजराती मराठी पण तुला माहितीये. “विकी, तुझा कल्पिता आला होता सकाळी. सफेद स्विफ्ट घेऊन गेला. नेक्स्ट रविवारपर्यंत.”

“एकटी?”

“ना रे. मागे एक माणस बसला होता. मोढा बांधून.”

“कसला माणूस?”

“माणस एटले माणस. चूपचाप बसला होता. कल्पिताने तेला पाणी दिला, मग निघाला.”

मी तीन वेळा विचारलं. तीन वेळा हेच.

तोंड कधी बांधतात? लपवायचं असतं तेव्हा. आणि पाणी दिलंस. स्वतःच्या हाताने.

ही ट्रिप आपली होती. दिवाळी उलटली, डोंगरावरचं गवत पिवळं पडलं की निघायचं. कोयना, चांदोली, राधानगरी, या क्रमाने. भांडुपमध्ये नॅशनल पार्कला चाललो म्हटलं की पोरं डोळा मारतात. तू म्हणालीस, बोरिवलीचं नको, डोंगरातलं बघायचंय. चांदोलीवर तर अडूनच बसलीस. मी म्हटलं, तिथे वाघ दिसत नाही. तू म्हणालीस, मला वाघ बघायचाच नाहीये. मग काय बघायचंय, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता मला पुरतं कळलंय की काहीतरी होतं.

ईकोची टाकी फुल केलीय. मावसभावाला सांगितलंय, पुण्याचं भाडं आहे. मी भांडायला येत नाहीये. फक्त बघायचंय कोण आहे तो.

विकी


कोयनानगर
मंगळवार, २८ ऑक्टोबर, सकाळ

कल्पिता,

उंब्रजला हायवे सोडला आणि पाटणच्या रस्त्याला लागलो, तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दोन्ही बाजूंना भात कापून पडलेलं. डोंगर वरून पिवळे आणि घळींमधून अजून हिरवेगार, जसं कोणी अर्धंच रंगवून ठेवलंय. तू असतीस तर गाडी थांबव म्हणाली असतीस. मी थांबवली नाही. प्रत्येक पांढऱ्या स्विफ्टची नंबरप्लेट वाचत होतो.

ज्या घरगुती खोल्या आपण दोघांनी फोटो बघून नक्की केल्या होत्या, तिथेच गेलो. अंगणात झेंडू, तुळशीला रांगोळी, तुला आवडलेलं सगळं होतं. मालक सुपारी कातरत बसले होते.

“मुंबईचे पाहुणे आले होते का, पांढरी स्विफ्ट?”

“होते की काल रात्री. आज जंगल बघून तसेच पुढे गेले.”

“खोल्या किती घेतल्या होत्या?”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “एकच. का हो?”

“काही नाही. कसे होते?”

“चांगले होते. जेवताना लई हसत होते. हसून हसून ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. दोनदा भाकरी मागून घेतली.”

एक खोली. हसणं. मी त्याच घरात दुसऱ्या खोलीत झोपलो, म्हणजे पडलो. सिग्नलनंतर मला घास गिळवत नव्हता, आणि तू ठसका लागेपर्यंत हसतेस.

आज सकाळी जंगलाच्या गेटवर आलो. तिथे रजिस्टर असतं. आत जाणाऱ्याने नाव, गाव, गाडी नंबर, किती माणसं, सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं. मी विकी शेलार लिहिलं, तर गार्ड म्हणाला, “पूर्ण नाव. मधलं पण लागतं. आधारवर असेल तसं.”

“जंगलात जायला बापाचं नाव कशाला लागतं?”

“आत हरवलात तर कोणाच्या नावाने हाक मारायची?” म्हणाला, आणि स्वतःच हसला.

विक्रांत सुधीर शेलार. लिहिलं. आणि लिहिता लिहिता डोळे वरच्या ओळींवर गेले. मी पान उलटलं नाही, काही शोधलं नाही, समोरच होतं. तुझं अक्षर. तुझा तो ‘ल्प’, ज्यात ‘प’ला तू शेपूट काढतेस.

कल्पिता किरण साळुंखे. मुंबई. प्रवासी २.

मी तीन ओळी सोडून खाली सही केली, गार्ड ओरडला, तरी मला कळलं नाही.

तू कल्पिता राजाराम जगताप. सातवीपासून तुझ्या प्रत्येक वहीवर मी हे नाव वाचलंय. मधलं गेलं, शेवटचं गेलं. मुलीचं मधलं नाव कधी बदलतं हे मला कोणी समजावून सांगायला नको. वीस दिवसांत. का आधीच झालं होतं? नाहूरला क्लच सोडायला शिकत होतीस तेव्हा तू साळुंखेंची होतीस का?

मग एकेक जुळायला लागलं. तुझ्या ऑफिसात आहे ना एक किरण सर, टीम लीडर, एकदा पावसात तुला स्टेशनपर्यंत सोडलं होतं. मी लगेच ऑफिसच्या रिसेप्शनला फोन केला. आवाज बदलून विचारलं, किरण सर आहेत का. पोरगी म्हणाली, “हो, सर केबिनमध्ये आहेत, जोडून देऊ?” मी कट केला. आधी बरं वाटलं. मग वाटलं, म्हणजे हा दुसराच किरण आहे. याच्याबद्दल तर तू कधी चकार शब्द काढला नाहीस. म्हणजे हाच खरा.

गार्डला विचारलं, कोण होतं सोबत. “काल माझी सुट्टी होती,” म्हणाला. “गाडी बाजूला घ्या, मागे लोक थांबलेत.”

जंगलात गेलो. काय बघितलं विचारू नको. गाईड सारखा शेकरू शेकरू करत होता.

विकी


पाटण
मंगळवार, दुपार

कल्पिता,

तुला राग येईल, पण मी तुझ्या पप्पांना फोन केला. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. तुला वाटेल विकीने चुगली केली. केली. उद्या त्या किरणने तुला कुठे नेऊन टाकलं तर?

काका घरीच होते. म्हटलं, काका, मन घट्ट करा. कल्पिताने लग्न केलंय. कोयनेच्या गेटवर मी स्वतःच्या डोळ्यांनी नाव वाचलंय.

“काय नाव?” त्यांनी विचारलं.

“कल्पिता किरण साळुंखे.”

पलीकडून एक आवाज आला. आधी वाटलं रडतायत. ते हसत होते, कल्पिता. हळूहळू, दम लागल्यासारखे. माणसाला धक्का बसला की असं होतं, मी ऐकलंय.

“किरण साळुंखे,” म्हणाले. “बरं. दोघंच आहेत?”

“दोघंच.”

“गाडी कोण चालवतंय?”

“तोच चालवत असणार. तुम्ही काकींना एवढ्यात सांगू नका. त्यांना सहन होणार नाही. का मीच बोलू त्यांच्याशी?”

“ती नाहीये. भाऊबीजेला गेलीय भावाकडे. नाही सांगत तिला मी.” मग म्हणाले, “विकी, तू पोरगा चांगला आहेस. मी नेहमी सांगायचो हिला. आता कुठे चालले ते?”

“चांदोली. उद्या असतील तिथे, फार तर परवा.”

“आणि तिथून?”

का कोण जाणे, मी म्हटलं, “ते भेटल्यावर सांगतो.” म्हणजे का ते मला माहितीये. राधानगरी मला स्वतःपुरतं ठेवायचं होतं. त्याला पहिल्यांदा मी बघणार होतो, मग काका.

“थांब तिथेच. मी निघतो,” काका म्हणाले. “आणि तिला कळू देऊ नको. मला रागवायचं नाहीये रे. फक्त बोलायचंय.”

फोन ठेवल्यावर मी पाटणच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. आता मी एकटा नाही, असं वाटलं.

एकच गोष्ट खटकतेय. भाऊबीज होऊन पाच दिवस झाले. काकी कधी माहेरी दोन दिवसांच्या वर राहिल्याचं मला तरी आठवत नाही.

विकी


वारणावती
बुधवार, २९ ऑक्टोबर, दुपार

कल्पिता,

मांडीवर वही ठेवून लिहितोय, अक्षर समजून घे.

इथे चांदोलीच्या गेटवरही तेच नाव होतं, तोच ‘ल्प’. कालची तारीख. गेटच्या अलीकडे एक पत्र्याचं खोपटं आहे, चहा, भजी, भाकरी मिळते. शांताबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई चालवतात. तुला सांगायला नको.

मी म्हटलं, “मावशी, काल मुंबईची पांढरी स्विफ्ट आली होती का?”

“आलती की. जीपनं आत जाऊन आली, मग हितंच जेवली.”

“त्यांच्यात तो किरण होता ना. कसा आहे दिसायला?”

“कोन?”

“किरण. किरण साळुंखे.”

त्यांनी झारा परातीत ठेवला. “कसा न्हवं रं, कशी. किरण बाई हाय. आमच्या गावची, धोंडू साळुंख्याची थोरली.”

“बाई?”

“मग काय म्हस? तिची लेक आलती संगं. गोरी, नकटी. गाडी लेकच हाकत हुती.”

नकटी मी म्हटलेलं नाही, त्या म्हणाल्या.

मी बाकावर बसलो. त्यांनी न विचारता चहा दिला आणि सांगत राहिल्या. घरात तिला किसाबाई म्हणायचे, शाळेत गुरुजींनी नाव बदलून किरण लिहिलं. गाव आत होतं, आत्ता जिथे जंगल आहे तिथे. आधी धरण आलं, मग जंगल आलं, आणि माणसं ट्रकात घालून खाली वसाहतीत आणली. किरण तेव्हा पाचवीत होती. काल जीप तिथवर गेली. गाव नाही, देवळाचं जोतं आहे आणि एक आंबा. “आंब्याखाली बसली आन लेकीला म्हनली, हितं आमची चूल हुती. लेक रडली. ही न्हाई रडली. ही हसत हुती.”

म्हणजे तुला चांदोलीत हे बघायचं होतं.

तेरा वर्षं मी तुमच्या घरी येतोय. तेरा वर्षं त्यांच्या हातचं जेवतोय. काकी, मीठ आहे का. काकी, कल्पिता आहे का. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘कल्पिता आई’ म्हणून आहे. दारावर पाटी राजाराम जगताप, गॅसचं पुस्तक राजाराम जगताप, पोस्टमन हाक मारतो ती जगताप. बिल्डिंगमधल्या बायका त्यांना कल्पिताची आई म्हणतात, आणि माझ्या मम्मीला विकीची मम्मी. मी कधीच विचारलं नाही की काकींना नाव काय. बाईच्या नावात पुरुषाचं नाव दिसलं की तो नवरा, एवढंच माझ्या डोक्यात आलं. नवरा नसेल तर बाप. आई असेल असं आलंच नाही.

आणि अल्पेश. त्याच्याकडे बाई पण माणूसच असते. तोंड का बांधलं होतं हे आता विचारत नाही.

कारण मी शांताबाईंना विचारलं, “मावशी, त्यांच्या हाताला काही लागलंय का?” मला ती पट्टी आठवली. गणपतीत होती, उजव्या मनगटाला. काकी म्हणाल्या होत्या, दारात सापडला. काका बाजूला बसून म्हणाले होते, वेंधळी आहे रे ही. आम्ही सगळे हसलो होतो. मी पण.

शांताबाईंचा चेहराच बदलला. “तू कोन रं?”

“त्यांच्या शेजारचा.”

“तिच्या दादल्यानं धाडलंय का तुला?”

मी नाही म्हणालो. आणि नेमका तेव्हाच खिशात फोन वाजायला लागला. मी काढून बघितला नाही, पण मला माहीत होतं कोणाचा आहे. त्यांनाही कळलं असावं. त्यांनी माझ्यापुढचा कप उचलून नेला, त्यात अर्धा चहा होता.

मग मी सगळं सांगून टाकलं. पाटणचा फोन पण. शांताबाई मला काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही. शेवटी एवढं म्हणाल्या, “हाड दोनदा बसवून घेतलंय तिनं. दवाखान्यात दार म्हनून सांगायची. भाऊबीजेचं निमित्त करून निघाली, परत जायची न्हाई. रविवारी गाडी देऊन मायलेकी नव्या जागंला जानार. कुठं ते मलाबी सांगितलं न्हाई. लई बेस केलं.”

“मावशी, त्यांना फोन लावा. म्हणावं, तिथून निघा.”

नंबर त्यांनी मला दाखवला नाही. मला रस्त्यापलीकडे उभं केलं आणि आत जाऊन लावला. दहा वेळा लावला. “लागंना. जंगलात कुठली रेंज.” त्या लावत राहणार आहेत.

आता मी तुला एक खरं सांगतो. तुला माहितीच आहे, पण मी लिहायला पाहिजे. सिग्नलला बाजूला रिक्षावाला नव्हता. तू म्हणालीस, ट्रिपला मी तुझ्यासोबत नाही येत, मला दुसऱ्या कोणाला तरी न्यायचंय. मी विचारलं कोणाला. तू म्हणालीस, आत्ता नाही सांगू शकत. मी गिअरवरचा तुझा हात धरला. तू सोड म्हणालीस. नाही सोडला. परत म्हणालीस. मग मी उतरलो ते तुझ्या बाजूचं दार उघडून तुला बाहेर ओढायला. तेव्हा तू काच वर घेतलीस.

माझी बोटं उठली होती का गं, हातावर? घरी काकींनी बघितली का?

फोन परत वाजला. घेतला. काका म्हणाले, “कराड सोडलं. एसटीने कोकरूडला उतरतो. ये घ्यायला. नाहीतर मीच वारणावतीला येतो, तिथे हिच्या गावची बरीच माणसं आहेत, विचारू त्यांना.”

शांताबाई भजी तळत होत्या. खोपट्याला पुढून दारच नाही, नुसतं फळकुट आहे.

मी म्हटलं, “काका, तुम्ही नका येऊ. मी येतो.”

विकी


कोकरूड
गुरुवार, ३० ऑक्टोबर, सकाळ

कल्पिता,

पटकन लिहितोय. काका खाली वस्तऱ्याने दाढी करून घ्यायला गेलेत. लॉजसमोरच न्हावी बसतो. खिडकीतून मला ते दिसतायत, त्यांना मी दिसत नाही.

काल स्टँडवर उतरले ते किती चांगले दिसत होते. इस्त्रीचा शर्ट, हातात लाडवांचा डबा. “तुझ्यासाठी आणलेत,” म्हणाले. रात्री जेवताना सगळं काढलं. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

“विकी, पटकन हात उठतो माझा, मान्य आहे. पण मनात काही ठेवत नाही मी. दुसऱ्या दिवशी साडी आणून दिलीय प्रत्येक वेळी. विचार तिला.” आणि मग म्हणाले, “तू माझ्यासारखाच आहेस. म्हणून तर आवडतोस मला. नाहीतर ही आजकालची पोरं, थंड.”

लाडू माझ्या तोंडातच राहिला.

“आता कुठे चाललीय ती?” त्यांनी विचारलं. “तुमचं ठरलं होतं ना सगळं. तिसरं कुठलं?”

मी म्हटलं, “गणपतीपुळे.”

त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “जंगल बघायला निघालेल्या बायका समुद्रावर कशाला जातील?”

“शेवटी समुद्र ठेवला होता. कल्पिताला मी ओळखतो, काका.”

“तू?” ते परत तसेच हसले, फोनवर हसले होते तसे. “तिच्या आईचं नाव माहीत नव्हतं तुला. पोरीला ओळखतो म्हणे.”

मी पण हसलो. जमलं मला. तुझ्यासमोर इतकं खोटं मला कधी बोलता आलं असतं का, माहीत नाही. त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, “बरं. गणपतीपुळे तर गणपतीपुळे. पण तू सोबत हवास. खोटं निघालं तर तूच समोर हवास.” रात्री माझा फोन त्यांनी उशाखाली घेतला. म्हणाले, चोऱ्या होतात लॉजवर. वही बघून विचारलं, “काय लिहितोस रे?” म्हटलं, गाडीचे किलोमीटर, मालकाला द्यावे लागतात. त्यांनी हात पुढे केला होता. तेवढ्यात खालचा पोऱ्या गरम पाणी आलंय म्हणून ओरडला.

तर असं आहे. इथून राधानगरी कोल्हापूरवरून तीन-साडेतीन तास. तुम्ही तिथे आहात, मला खोलीसुद्धा माहितीये, दाराला निळा रंग आहे, आपण फोटो बघितला होता. काल वारणावतीहून मी सरळ तुमच्याकडे आलो असतो तर काका तोवर शांताबाईंच्या फळकुटाशी उभे असते. आणि खरं सांगू, मी तुमच्या दारात उभा राहिलो असतो तर काकींनी आधी माझ्या मागे कोण आहे ते बघितलं असतं. मग माझ्याकडे बघितलं असतं, आणि तरी कडी लावली असती. बरोबर केलं असतं.

म्हणून मी उलटा निघतोय. मलकापूर, आंबा घाट, खाली रत्नागिरी. आज गुरुवार. रविवारपर्यंत मी यांना किनाऱ्यावरचं एकेक लॉज दाखवणार आहे. गणपतीपुळ्याला नाही सापडल्या तर जयगड, तिथे नाही तर गुहागर. प्रत्येक ठिकाणी मी स्वतः उतरून विचारीन, अगदी रागाने विचारीन, ते मला येतं. सोमवारी त्यांना कळेल. मग ते आणि मी बघून घेऊ. मी पंचवीस-तीस वर्षांनी लहान आहे त्यांच्यापेक्षा, काळजी नको. पण हात उचलणार नाही. त्यांनी उचलला तरी बघतो, जमतं का.

तुझ्या मम्मीला, किरणकाकींना सांग, विकीने विचारलंय, आंब्याला मोहर कधी येतो तिकडे. बघ, हे पण मी कधी विचारलं नव्हतं.

ही पानं शांताबाईंच्या पत्त्यावर पाठवतोय, वारणावती गेटजवळ. त्यांना तुम्ही कधीतरी फोन कराल, तेव्हा वाचून दाखवतील, किंवा चुलीत घालतील. उत्तर देऊ नको. नवा पत्ता तर कळवूच नको. मला कळला तर कधीतरी डोकं फिरेल आणि मी कोणाला तरी सांगून बसेन. मी सांगून टाकतो, तू बघितलंयस. मला माहीत नसणं हेच बरं.

प्रेमाचं काही लिहिणार नव्हतो, लिहीत नाही.

दाढी झाली. काका पैसे देऊन वर बघतायत, हाताने चल म्हणतायत. आता त्यांनी हाक मारली, “विकी, ऊन व्हायच्या आत घाट उतरू.” पोस्टाची पेटी स्टँडच्या भिंतीला आहे, गाडी काढताना वाटेत लागते, लघवीला जातो म्हणून उतरीन. पाकिटावर नाव लिहून झालंय. शांताबाईंचं मधलं नाव मला माहीत नाही, म्हणून नुसतं शांताबाई लिहिलंय. पोचेल.

“आलो काका,” म्हणालो. आता बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

विक्रांत